वर्गणी आणि वाटा

डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, जळाली की गावात काय होते, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. उन्हाळ्याचे दिवस असतात, विहिरीत हातभर पाणी असते आणि रानात कांदा किंवा ऊस उभा असतो. दोन दिवस वाट पाहून होते, फोन करून होतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर माणसे जमतात आणि एका मोटरीमागे किती पैसे काढायचे ते ठरते. कुणी ट्रॅक्टर देतो, कुणी डिझेल. डीपी उतरवायला आणि नवी चढवायला चार तरणी पोरे निघतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचे शेजारी घालतो आणि कांदा विकला की वळते करून घेतो. नियमाने हे काम वीज देणाऱ्यांचे असते, पण पीक नियमासाठी थांबत नाही.

अशा दोन बैठकींना मी स्वतः बसलो आहे. तिथे ‘नियोजन’ हा शब्द कुणी काढला नाही. पण एका वेळी किती मोटरी चालल्या तर डीपी पुन्हा जळेल, वरच्या आळीने कधी आणि खालच्या आळीने कधी चालू करायच्या, ज्याची साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे त्याने तीनच्या मोटरवाल्याएवढीच वर्गणी का द्यावी, या सगळ्यावर तास-दीड तास बोलणे झाले आणि शेवटी वाटणी ठरली. भार किती, तो कधी येतो, खर्च कुणी कसा उचलायचा हे ऊर्जानियोजनाचे मूळ प्रश्न आहेत. ते शाळा सोडलेल्या माणसांनी कंदिलाच्या उजेडात सोडवले. नंतर डीपी बसली, मोटरी चालू झाल्या आणि पुढची डीपी जळेपर्यंत विजेबद्दल गावाला कुणी काही विचारले नाही.

गाव वर्गणी देते, पण त्याला वाटा मिळत नाही. एखाद्या लहान वस्तीने आपल्या ऊर्जेचा आराखडा आपणच करायचा म्हणजे काय, हा या पुस्तकाचा विषय आहे आणि त्याच्या मुळाशी हा फरक आहे. वर्गणी म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टीसाठी आपण घातलेली भर. मग ती पैशाची असेल, श्रमदानाची असेल, ग्रामसभेच्या ठरावाखालच्या सहीची असेल. वाटा म्हणजे त्या गोष्टीची मालकी, तिच्यातून येणारे उत्पन्न आणि ती नको म्हणण्याचा अधिकार. सौरऊर्जा, पवनऊर्जा, गोबरगॅस यांवर मराठीत लिहिले गेले आहे, अजूनही लिहिले जाते. पण सूर्य आणि वारा जिथे घरोघरी पोचतात, तिथे त्यांच्यापासून होणारी वीज कुणाची, या प्रश्नावर आपण फारसे थांबत नाही. पॅनेल किती वॅटचे, अनुदान किती टक्के, यावरच बोलणे संपते.

ज्या वर्षी हा प्रश्न मला नीट कळायला लागला त्या वर्षाच्या दोन गोष्टी आहेत. वर्ष १९९७. दोन्ही गोष्टी बेटांच्या आहेत आणि दोन्ही बेटे आपल्यापासून फार लांब आहेत.

पहिले बेट साम्सो. डेन्मार्कमधल्या युटलंड द्वीपकल्पाच्या पूर्वेला हे बेट आहे, क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर. तेव्हा वस्ती चार हजारांच्या थोडी वर होती. हंगामातले पहिले कोवळे बटाटे पिकवण्यासाठी ते डेन्मार्कभर प्रसिद्ध आहे. घरे तेलावर गरम व्हायची आणि वीज समुद्राखालच्या केबलने मुख्य भूमीवरून यायची, तीही प्रामुख्याने कोळशाची. १९९७ मध्ये ऊर्जामंत्री स्वेन्ड आउकेन यांच्या खात्याने एक स्पर्धा ठेवली. दहा वर्षांत आपली सगळी ऊर्जा अक्षय स्रोतांतून मिळवून दाखवेल असा आराखडा कोणता भाग देतो? साम्सो जिंकले. पण बेटावरच्या बहुतेकांना आपण स्पर्धेत उतरलो आहोत हेच ठाऊक नव्हते. आराखडा तयार केला होता एका अभियंत्याने. तो बेटावर राहतही नव्हता. महापौरांशी बोलून त्याने कागद केले आणि पाठवून दिले. निकाल लागला तेव्हा लोक बुचकळ्यात पडले.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण हा भाग गाळतात. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. साम्सोची सुरुवात आपल्या कुठल्याही योजनेसारखीच झाली होती, म्हणजे वरून आणि कागदावर. पुढे ती वेगळी झाली याला बेटाचा वारा कारण नाही. वारा डेन्मार्कमध्ये सगळीकडेच आहे.

कारण आहे पुढची दोन-तीन वर्षे. सोरेन हरमान्सेन हे त्याच बेटावर जन्मलेले, शेतकऱ्याच्या घरातले शिक्षक. प्रकल्पाचे पहिले नोकर तेच. ते काय करत? बेटावर कुठलीही बैठक असो, ते तिथे जाऊन बसत आणि संधी मिळाली की ऊर्जेचा विषय काढत. प्रत्येकाला वाटत होते की शेजारी काहीतरी करील. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की प्रत्येक जण दुसऱ्या कुणाकडे तरी बघतो आहे. ज्या दोन-चार जणांकडे बाकीचे बघतात ते हलले की बाकीचे हलतील. मग त्यांनी ती माणसे गाठली. नळकाम आणि लोहारकाम करणाऱ्या स्थानिक कारागिरांनाही त्यांनी सुरुवातीलाच सोबत घेतले. घरातले तेलाचे बॉयलर काढून दुसरे काही बसवायचे तर गिऱ्हाईक आधी कारागिरालाच विचारणार. तो ‘कशाला नसता खटाटोप’ म्हणाला की संपले. आपल्याकडे गावात मोटर कोणती घ्यायची ते वायंडिंगवाला ठरवतो, तसेच हे. अनुदानाच्या कुठल्या परिपत्रकात या माणसाचा उल्लेख असतो?

२००० सालापर्यंत बेटावर प्रत्येकी १ मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि बेटाची विजेची गरज भागली. २००३ मध्ये दक्षिणेच्या समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या आणखी १० उभ्या राहिल्या. गाड्या, ट्रॅक्टर, बोटी तेलावरच चालत होत्या. तेवढ्या ऊर्जेची भरपाई म्हणून जास्तीची वीज केबलने मुख्य भूमीला पाठवायची, असा त्यामागचा हिशेब होता. घरे गरम करण्यासाठी गव्हाच्या काडाच्या गासड्या जाळणारी सामायिक केंद्रे झाली. उत्तरेकडच्या केंद्रात लाकडाच्या चिपा जाळतात आणि सोबत सौर संग्राहकांचे शेत आहे. तिथल्या गवतावर मेंढ्या चरतात.

मालकीची वाटणी बारकाईने पाहावी अशी आहे. जमिनीवरच्या ११ पैकी ९ चक्क्या एकेका शेतकऱ्याच्या आणि २ सामायिक भागधारकांच्या. समुद्रातल्या १० पैकी ५ नगरपालिकेच्या, बाकीच्या खासगी गुंतवणूकदारांच्या आणि लहान भागधारकांच्या. जमिनीवरच्या चक्क्यांमध्ये बेटावरच्या सुमारे ४५० रहिवाशांचे भाग होते, समुद्रातल्यांमध्येही जवळपास तेवढ्यांचे. चार हजारांच्या वस्तीत हा आकडा मोठा आहे. उष्णता केंद्रांची मालकीही एका साच्याची नाही. एक केंद्र ग्राहकांच्या सहकारी संस्थेचे, एक स्थानिक व्यावसायिकांचे, बाकीची केंद्रे वीज कंपनीकडची. लोकसहभाग म्हणजे सगळे सगळ्यांचे, अशी जी भाबडी कल्पना आपण करून घेतो ती साम्सोने कधीच केली नाही. ज्याला जेवढे पेलते त्याने तेवढे घ्यावे, पण कुणीही पूर्णपणे बाहेर राहू नये, एवढेच त्यांनी पाहिले. पवनचक्कीबद्दल नेहमीची तक्रार असते की ती दृश्य बिघडवते आणि आवाज करते. चक्की आपली असेल तर ती फिरते आहे ना, हे माणूस सकाळी उठून खिडकीतून बघतो. २००९ पासून डेन्मार्कने हे कायद्यातच आणले. नवी चक्की उभारणाऱ्याने किमान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करायचे. काही वर्षे ही तरतूद टिकली, पुढे ती बदलली गेली.

साम्सोची स्तुती करताना दोन गोष्टी विसरू नयेत. सरकारने दहा वर्षे ठरलेल्या दराने वीज विकत घेण्याची हमी दिली नसती, तर बँकेने त्या शेतकऱ्यांना कर्ज दिले नसते. नुसत्या एकोप्यावर मेगावॅटची चक्की उभी राहत नाही. आणि ऊर्जा बदलली म्हणून बेटाचे सगळे प्रश्न सुटले असेही नाही. प्रकल्प सुरू व्हायच्या सुमाराला तिथला कत्तलखाना बंद पडून सुमारे शंभर जणांचा रोजगार गेला होता. पुढे कारागिरांना काम मिळाले, जगभरातून पाहुणे येऊ लागले, २००७ मध्ये ऊर्जा अकादमीची इमारत झाली. तरीही लोकसंख्या घटत राहिली. आज ती चार हजारांच्या खाली आहे. पवनचक्की तरुण मुलांना बेटावर धरून ठेवू शकत नाही. तिच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

मिळून वाटा घेण्याच्या डेन्मार्कच्या या स्वभावाचे मूळ दुधात आहे, आणि तिथे मराठी वाचकाला ओळखीची वाट सापडेल. १८८२ मध्ये पश्चिम युटलंडमधल्या येडिंग गावात त्या देशातली पहिली सहकारी दुग्धशाळा सुरू झाली. पुढे पसरलेल्या त्या चळवळीत मत माणशी एक होते, गाईंच्या संख्येवर नाही. पवनचक्कीचे भाग घेणारा साम्सोचा शेतकरी त्या पणजोबांचाच पणतू. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला त्याला आता सुमारे पाऊणशे वर्षे झाली. पुढे त्याच, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा ही ग्रामीण सहकारी वीज संस्था सुरू झाली. तिने चार दशके घरांना आणि मोटरींना वीज वाटली. वीज ती विकत घेऊन वाटत होती, स्वतः निर्माण करत नव्हती. थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ मध्ये वितरण तिच्या हातून गेले. त्या संस्थेचे राजकारण काय होते, तिचे कुठे चुकले, यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण वीज वाटण्याचे काम गावकऱ्यांच्या संस्थेने करावे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही, एवढे तिने दाखवून ठेवले आहे. सहकाराची आपली जमा आणि आपली खोट दोन्ही आपल्याला पाठ आहेत. ऊर्जेच्या नव्या आराखड्याला हे भांडवल फुकट मिळाले आहे.

आता दुसरे बेट. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडचे एग. १९९७ च्या जून महिन्यात तिथल्या रहिवाशांनी देणग्या गोळा करून, एका विश्वस्त संस्थेमार्फत, अख्खे बेटच जमीनदाराकडून विकत घेतले. तेव्हा वस्ती सुमारे ६५ माणसांची. मुख्य भूमीवरून केबल आणणे परवडणारे नव्हते. बहुतेक घरांमागे डिझेलचे जनरेटर धडधडत असत. जमीन ताब्यात आल्यावर दहा-अकरा वर्षांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, त्यांची स्वतःची वीजव्यवस्था सुरू झाली. ओढ्यांवरची लहान जलविद्युत केंद्रे, चार छोट्या पवनचक्क्या, सौर पॅनेल, बॅटऱ्यांची खोली आणि अडीअडचणीला डिझेल.

यंत्रसामग्रीपेक्षा मला तिथला एक नियम महत्त्वाचा वाटतो. कुठल्याही घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा जास्त भार घ्यायचा नाही. व्यवसायासाठी १० किलोवॅट. मर्यादा ओलांडली की त्या घराची वीज जाते आणि देखभाल करणाऱ्या गावातल्याच माणसांना बोलवावे लागते. पाणी तापवायची किटली, धुण्याचे यंत्र आणि हीटर एकदम लावायचे नाहीत, एकामागून एक लावायचे. ऊन, वारा, पाणी तिन्ही कमी पडले की सगळ्यांना कळवले जाते आणि सगळे हात आखडतात. पाऊस-वारा भरपूर असला की जास्तीची वीज सामायिक इमारती गरम करायला वापरतात.

हाच नियम एखाद्या कंपनीने घातला असता तर? वर्षभरात कुणी तरी मीटरला वळसा घातला असता. आपल्याकडे आकडा का टाकतात हे विचारले की लगेच गरिबी आणि चोरी हे दोन शब्द पुढे येतात. तिसरा शब्द कुणी घेत नाही: परकेपणा. जी वीज ‘त्यांची’ आहे तिच्यावर आकडा टाकणे गावाला चोरी वाटत नाही. शेजाऱ्याच्या पाटाचे पाणी फोडणे मात्र चोरी वाटते, कारण पाळी सगळ्यांनी मिळून ठरवलेली असते. एगने विजेची पाळी ठरवली.

या ठिकाणी वाचकाने थोडे आकड्यांत शिरावे. ‘किती वीज’ या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. महिन्याला किती युनिट, हा एक. बिलामुळे तो आपल्याला माहीत असतो. एका क्षणी किती किलोवॅट, हा दुसरा, आणि लहान वस्तीची व्यवस्था बहुधा या दुसऱ्यावर मोडते. पुणे जिल्ह्यात डोंगरातल्या दरेवाडी या वस्तीवर २०१२ मध्ये ३९ घरांसाठी ९.४ किलोवॅटचे सौर केंद्र बसले. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, घरटी अडीचशे वॅटही येत नाहीत. दिवे, पंखा, टीव्ही, मोबाइल यांना ते पुरते. पण साडेसात अश्वशक्तीची पिठाची गिरणी लावली की ती एकटी साडेपाच किलोवॅट ओढते. म्हणजे गिरणी कधी चालणार हा अख्ख्या वस्तीचा प्रश्न होतो. दुपारी ऊन असताना दळण लावले तर सगळे सुखी. संध्याकाळी लावले तर बॅटरी खाली आणि रात्री अंधार. पण दुपारी बाया रानात असतात. दळण आणायला वेळ संध्याकाळचाच. हा पेच कुठलाही अभियंता तालुक्याच्या गावी बसून सोडवू शकत नाही. त्याला तो दिसतच नाही. दळण डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला तो दिसतो, आणि तिला बैठकीला बोलावलेले नसते.

न विचारल्याने काय होते याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका दाखला बिहारमधला आहे. जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात तीस-बत्तीस वर्षे वीज नव्हती. २०१४ मध्ये एका जागतिक पर्यावरण संघटनेने तिथे १०० किलोवॅटचे सौर मायक्रोग्रिड उभारले. हेतू प्रामाणिक होता, काम जलद झाले, घरे, दुकाने, शाळा, पंप, रस्त्यावरचे दिवे जोडले गेले. उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत राज्याचे माजी मुख्यमंत्री पाहायला आले, तर गावकऱ्यांनी त्यांच्यापुढे घोषणा दिल्या की आम्हाला ‘असली बिजली’ पाहिजे. सौर वीज त्यांना ‘नकली’ वाटत होती. तिच्यावर फ्रिज चालवायचा नाही, अमुक पंखा लावायचा नाही असे नियम होते, आणि युनिटचा दरही सरकारी विजेपेक्षा जास्त होता. लवकरच ग्रिडची तार गावात आली. काही वर्षांनी ते सौर केंद्र बंद पडले आणि त्याच्या आवारात गुरे बांधलेली दिसू लागली.

धरनईच्या लोकांना अडाणी म्हणणारे मी ऐकले आहेत. मला तसे वाटत नाही. शहरातल्या माणसाला कुणी सांगितले की तुमच्या घरी फ्रिज चालणार नाही, पण तुम्ही पृथ्वी वाचवत आहात, तर तोही असली वीजच मागेल. एगमध्ये मर्यादा आहे आणि ती पाळली जाते. धरनईत मर्यादा होती आणि तिचा राग आला. फरक असा की एगमध्ये मर्यादा ठरवणारे आणि पाळणारे एकच होते. शिवाय एगला शेजारी स्वस्त विजेची तार नव्हती. धरनईला ती हाताच्या अंतरावर दिसत होती आणि तिचे स्वप्न त्यांनी तीन दशके पाहिले होते. आराखडा करताना ‘तुम्हाला काय हवे’ एवढेच विचारून भागत नाही. सरकारी तार आली तर या केंद्राचे काय करायचे, ते ग्रिडला जोडता येईल का, दरातला फरक कोण सोसणार, हेही पहिल्याच बैठकीत मांडावे लागते. अवघड प्रश्न मागे ठेवून मिळवलेली संमती पहिल्या अडचणीला मोडते.

आपल्या घरचे दाखले दूरच्यांपेक्षा जास्त बोचतात. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर, पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून. म्हणजे साम्सोच्याच काळात. वारा इथेही, यंत्राची जातही तीच. पण तेव्हाच्या करनियमांमुळे पवनचक्कीत पैसे गुंतवणाऱ्याला त्यातला मोठा भाग घसारा म्हणून दाखवून कर वाचवता येत असे, आणि गुंतवणूकदार पठारापासून फार दूरचे होते. पठारावरच्या माणसाला जमिनीचे पैसे मिळाले, काहींना रखवालीचे काम मिळाले, रस्ते झाले. वाऱ्यात वाटा मिळाला नाही. साम्सोच्या शेतकऱ्याला मिळाली तशी दराची हमी आपल्या कायद्याने दिली असती तर पठारावरच्या शेतकऱ्यांनी मिळून एखादी चक्की घेतली नसती का? तमिळनाडूत ओडंतुरै या ग्रामपंचायतीने ते करून दाखवले आहे. कोइम्बतूर जिल्ह्यातल्या या पंचायतीने २००६ मध्ये बँकेचे कर्ज काढून ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. पंचायतीच्या स्वतःच्या वापराला लागते त्याहून जास्त होणारी वीज ती राज्याच्या वीज मंडळाला विकू लागली. त्या पैशातून कर्ज फेडले.

आणि बिलगाव. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, उदई नदीवरच्या धबधब्याच्या बळावर २००३ च्या सुरुवातीला तिथे १५ किलोवॅटचे छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले. नर्मदेच्या आंदोलनातले आदिवासी आणि केरळहून आलेले तरुण अभियंते यांनी ते मिळून बांधले. दगड, वाळू, सिमेंट डोंगरात वाहून नेले ते पाड्यांवरच्या माणसांनीच, आणि बारा पाड्यांवर दिवे लागले. इथे श्रम त्यांचे, केंद्र त्यांचे, निर्णयही त्यांचे. या प्रस्तावनेत मी वाटा म्हणून जे जे म्हणतो आहे ते सगळे बिलगावात होते. २००६ च्या पुराने ते केंद्र गिळले. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यासंबंधीचे निर्णय ज्या खोल्यांत झाले तिथे बिलगावला जागा नव्हती. गावाने आपला आराखडा कितीही चोख केला तरी नदीचा आराखडा दुसरा कुणी करत असेल तर काय होते, ते बिलगावने भोगले. हे लिहिताना आजही हात जड होतो.

मग आज काय परिस्थिती आहे? २००३ च्या वीज कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात स्वतः वीज निर्माण करून वाटणाऱ्याला परवान्याच्या अटीतून मोकळे केले आहे. पंचायती, सहकारी संस्था, ग्राहक संघ यांनी स्थानिक वितरण सांभाळावे, असे धोरण आखायलाही तो सांगतो. छपरावरच्या सौर विजेसाठी २०२४ पासून केंद्राची मोठी योजना आहे. तिच्यात आदर्श सौरग्रामासाठी गावागावांत स्पर्धा लावली गेली आणि जिल्ह्यातल्या एका विजेत्या गावाला १ कोटी रुपये ठेवले गेले. साम्सोची आठवण येते. मात्र इथे मोजली जाते ती सहा महिन्यांत बसवलेली क्षमता. सहा महिन्यांत पॅनेल बसतात. गाव एका मताचे व्हायला साम्सोला दोन-तीन वर्षे लागली होती. शिवाय स्पर्धेत उतरायला गावाची वस्ती साधारणपणे पाच हजारांच्या वर हवी, म्हणजे दरेवाडी-बिलगावासारखे पाडे आधीच बाद.

महाराष्ट्रात शेतीला दिवसा वीज देण्यासाठी फीडरजवळ सौर प्रकल्प उभारले जात आहेत. ही गरज किती खरी आहे, ते जुन्नर-आंबेगावच्या उसात रात्री दारं धरायला जाणाऱ्याला विचारा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि कान बिबट्याकडे. दिवसा वीज ही त्याच्यासाठी जिवाची गोष्ट आहे. पण या प्रकल्पांना जमीन लागते आणि नजर गायरानावर जाते. सातबाऱ्यावर गायरान पडीक दिसते. त्याच्यावर शेळ्या चारणारी, गोवऱ्या वेचणारी, सरपण आणणारी बाई सातबाऱ्यावर दिसत नाही. प्रकल्पाचा करार २५ वर्षांचा असतो. ग्रामपंचायतीला मिळणारे प्रोत्साहन अनुदान मात्र पहिल्या तीन वर्षांचे. उरलेल्या बावीस वर्षांत गावाचे त्या जमिनीशी नाते काय, हा प्रश्न ठराव करण्याआधी ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. अनेक ठिकाणी ग्रामसभा होते ती ठराव आधीच लिहून झाल्यावर.

ग्रामसभेबद्दलही भाबडे राहून चालणार नाही. तिथे कोण बोलतो हे सगळ्यांना माहीत आहे. बागायतदार बोलतो, ज्याची मोटर मोठी तो बोलतो. भूमिहीनाच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा. त्याचा विजेचा प्रश्न सभेत निघतच नाही. बायांचा विजेचा प्रश्न तर वीजच नसतो, चूल असते. घरातल्या ऊर्जेचा मोठा भाग स्वयंपाकाला लागतो आणि तो अजूनही पुष्कळ ठिकाणी सरपणातून येतो, कारण सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात. छपरावर पॅनेल आणि स्वयंपाकघरात धूर, असे गाव आदर्श ठरू नये. म्हणून आळीआळीत वेगळे बसावे लागते, महिलांची बैठक वेगळी आणि त्यांना सवड असेल त्या वेळी घ्यावी लागते, आणि मग सगळ्यांनी एकत्र. याला वेळ लागतो. आराखड्याच्या खर्चात हा वेळ धरलेला असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट बैठकीत कुणी आनंदाने काढत नाही: बॅटरीचे पैसे. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, बॅटरी त्याच्या निम्मीही टिकत नाही, आणि ती बदलायची वेळ येते तेव्हा देणगीदार, अधिकारी, पुढारी सगळे बदललेले असतात. गावोगाव सौर पथदिव्यांचे जे खांब नुसते उभे आहेत त्यांची कथा बहुतेक एवढीच आहे. पहिल्या महिन्यापासून घरटी थोडे पैसे बाजूला पडले पाहिजेत, ते कुणाच्या नावावर, कोण काढणार, वर्षातून कितीदा हिशेब वाचून दाखवायचा, हे कागदावर आले पाहिजे. देखभाल करायला गावातलीच दोन पोरे, किंवा पोरी, शिकून तयार झाल्या पाहिजेत, आणि त्यांना त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. भजनी मंडळाचा, भिशीचा, बचतगटाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या गावांना हे जड नाही.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडले की यंत्रांची माहिती सापडणार नाही. ती बरीच पुढे आहे. तिथे एका घराच्या चोवीस तासांचा रिकामा तक्ता आहे. पहाटे चूल कधी पेटली, सरपण किती लागले, पाणी कोणी आणले, मोटर किती वेळ चालली, वीज कधी गेली, दळण कधी झाले, मुले किती वाजेपर्यंत वाचत बसली. तो आधी स्वतःच्या घरासाठी भरावा, आणि भरताना शेजारी घरातल्या बाईला बसवून भरावा. मग शेजारच्या घरी जावे. पन्नास तक्ते जमले की सोसायटीच्या ओट्यावर बैठक बोलवावी, डीपी जळायच्या आधी.